मावशीचं नाक आणि बारकीचा दम

मावशीच्या नाकाला सगळी गल्ली वचकून होती. तिच्या लाँड्रीच्या काउंटरवर कुणी शर्ट ठेवला की ती तो आधी नाकाला लावणार आणि मगच पावती फाडणार. डोळ्यांना न दिसणारा डाग तिच्या नाकाला बरोब्बर सापडायचा. "लोणी सांडलंय. परवाचं," असं म्हटलं की गिऱ्हाईक ओशाळून मान हलवायचं. एका गृहस्थांचा कोट तिनं एकदा हुंगला आणि त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "सिगारेट सोडली म्हणून घरी सांगितलंत ना? मग हा कोट मी दोनदा धुते. बायकोच्या हाती असा जाऊ देऊ नका." गृहस्थ त्या दिवसापासून तिचे कायमचे गिऱ्हाईक झाले.

अशा बाईचा स्वच्छतेवर दांडगा विश्वास असणार, यात नवल काय? धुलाईच्या पावडरीवर तिचं समाधान व्हायचं नाही. पांढऱ्या कपड्याला ब्लीच हवंच, आणि रंगीत असो की पांढरा, इस्त्रीला जाण्याआधी त्यावर फुलांच्या वासाच्या पाण्याचा फवारा बसलाच पाहिजे. ते पाणी ती स्वतः कालवायची, प्रमाण कुणाला सांगायची नाही. मावशीकडचा कपडा डोळे मिटूनही ओळखता येतो, असं लोक म्हणायचे. ते ऐकून ती वरवर "चला, काहीतरीच" म्हणायची आणि दिवसभर खुशीत असायची.

तिच्याकडे इस्त्री करणारा म्हातारा दिवसभर वाफेत उभा असे, म्हणून त्याचं नाव वाफ्या पडलेलं. मावशीला उलट बोलायची हिंमत फक्त त्याच्यात होती.

आणि घरी होती बारकी. मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. मावशीनं तिला कडेवर उचललं, दोन गल्ल्या चालत घरी आणलं, तीन मजले चढली आणि मगच खाली ठेवलं. त्याला आता अठरा वर्षं झाली. बारकी मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या कामाला लागली, पण नाव बारकीच राहिलं. मावशीला दुसरं कुणी नव्हतं आणि दुसरं कुणी असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत बारकीला दम लागायला लागला होता. आधी नुसता खोकला, मग छातीत शिट्टी, मग एके दिवशी जिन्यातच खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, दमा आहे.

"श्वासाच्या नळ्या हिच्या जरा तापट आहेत," त्या म्हणाल्या. "काही नावडतं समोर आलं की सुजतात आणि आवळून बसतात."

"मग आमच्या घराण्यावरच गेल्यात म्हणायच्या," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले आणि पंप लावून ओढायला प्लास्टिकचं एक नळकांडं. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. दुसरा निळा, दम लागला की घ्यायचा, आणि तो कायम जवळ ठेवायचा. बरं वाटत असताना औषध कशाला, सवय लागेल पोरीला, असं मावशीनं लगेच ऐकवलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "कपडा उसवायला लागला की टाका घालता, की टरकायची वाट बघता?" मावशीनं दोन्ही पंप पिशवीत टाकले.

मग त्यांनी एक छोटं मीटर दिलं. त्यात जोरात फुंकायचं, काटा किती वर जातो ते वहीत लिहायचं. काटा चारशेच्या वर गेला तर उत्तम, तीनशेच्या खाली आला तर सावध. अटॅक आला तर कुठे आला, किती वाजता आला, त्याआधी काय काय झालं, तेही लिहायचं. एक कागदही दिला, अटॅक आल्यावर काय करायचं याचा. मावशीनं तो बारकीच्या कपाटावर चिकटवला. चारही कोपरे दाबून चिकटवला, वाचला मात्र नाही.

दोन महिन्यांनी वही बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कामावर ठीक असते. रस्त्यावर ठीक असते. घरी आली की काटा घसरतो. घरातच काहीतरी आहे, मावशी."

मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं. "माझ्या घरात? माझ्या घरात फरशीवर वाढून जेवा तुम्ही!"

त्या दिवसापासून मावशीनं कंबर कसली. आधी बळी गेला गालिचा. मग कापसाच्या उशा गेल्या आणि नव्या आल्या. नव्यांना दुकानाचा वास नको म्हणून त्या दोनदा धुतल्या, वर फवारा. शेजारणीची मांजर गॅलरीतून यायची, म्हणून मावशी शेजारणीशी भांडली आणि मांजर जिथे बसायची ती गादी ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढली. पडदे दर रविवारी उतरायला लागले. चादरी तर दर दोन दिवसांनी. आणि वहीतला काटा? तो तीनशे साठवरून तीनशे तीसवर आला, तिथून तीनशे दहावर.

"साप साप म्हणून भुई धोपटताय," वाफ्या म्हणाला. "साप कुठाय ते आधी बघा."

"तू शर्टाच्या कॉलरीकडे बघ," मावशी म्हणाली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं. आठ दिवस दुसरीकडे राहून बघा. चष्म्याच्या दुकानातली बारकीची मैत्रीण एकटी राहत होती, तिच्याकडे एक पलंग रिकामा होता. बारकी अंगावरच्या कपड्यांत एक छोटी पिशवी घेऊन गेली. आठव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज कसा मोकळा, खणखणीत. "मावशी, चारशे वीस!"

"वा," मावशी म्हणाली. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. साऱ्या जगात पोरीला श्वास घेता येतो, फक्त आपल्या घरात येत नाही. ज्या घरात तिला कडेवर आणलं, त्या घरात.

आणखी एक गोष्ट होती. मैत्रिणीनं बारकीला कायमचं राहायला बोलावलं होतं. पलंग दुसरी एक मुलगीही मागत होती, म्हणून महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळव म्हणाली होती. बारकीनं हे लपवलं नाही. "मी अजून काही ठरवलेलं नाही," एवढंच म्हणाली. मावशीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सव्वीस दिवस होते.

बारकी परत यायची होती रविवारी सकाळी अकरा वाजता. मावशी पहाटेच उठली. भिंती पुसल्या. पडदे, चादरी, पांघरुणं, सगळं दुप्पट ब्लीचमधून काढून आणलेलं होतं, त्यावर फवारा मारला, मग आणखी एक मारला. पोर दार उघडेल आणि म्हणेल, अहाहा. बारकीनं दार उघडलं, क्षणभर उंबऱ्यात थांबली.

"कशी आहे खोली?" मावशीनं विचारलं.

"छान आहे," बारकी म्हणाली आणि पलंगावर बसली.

वीस मिनिटांत छातीत शिट्टी सुरू झाली. आधी बारीक, मग दाराबाहेर ऐकू जाईल अशी. मावशी धावत आली तेव्हा बारकी पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती. खांदे वर चढलेले, मानेच्या शिरा ताठ. "माव..." म्हणाली आणि पुढचं अक्षर निघेना.

मावशी घाबरली. आणि घाबरलेलं माणूस जे करतं, तेच तिनं केलं, म्हणजे सगळं उलटं. बारकीला आडवं करायला गेली. वर पांघरूण ओढलं. उग्र वासाचा मलम आणून छातीला चोळायला लागली. मग काहीच सुचेना, तेव्हा तिनं पोरीचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. अंगावर तोच एप्रन होता, पहाटेपासून फवारा मारताना घातलेला.

बारकीनं दोन्ही हातांनी तिला ढकललं. जोरात. मावशी मागे कपाटावर आपटली.

अठरा वर्षांत या पोरीनं तिनं वाढलेलं ताटसुद्धा कधी सरकवलं नव्हतं. मावशी पाठ चोळायचीही विसरली. बारकी बोट दाखवत होती, मावशीच्या डोक्यावर, कपाटाकडे. कागद! मावशी वळली आणि चष्मा नाकावर दाबून आयुष्यात पहिल्यांदा तो कागद वाचायला लागली.

सरळ बसवा, आडवं करू नका. म्हणजे आपण आत्ता केलं ते. त्रास कशामुळे होतोय वाटलं तर तिथून बाहेर काढा. मावशीनं कागद आणि पंपाची पिशवी घेतली, खुर्ची उचलली, बारकीला काखेत धरलं आणि जिन्याच्या मोकळ्या जागेत आणून बसवलं. धुतलेले कपडे पोचवायला वाफ्या नेमका वर येत होता. त्यानं एकदा बारकीकडे पाहिलं. गठ्ठा पायरीवर टाकला आणि शब्द फुटत नाही म्हणजे थांबायचं नाही, असं स्वतःशीच म्हणत रुग्णवाहिकेला फोन लावला.

निळा पंप. हलवा. प्लास्टिकच्या नळकांड्याला लावा. एक फवारा, मग त्यातूनच सावकाश चार-पाच श्वास. मोजणं मावशीला येत होतं, आयुष्यभर कपडेच मोजले होते. "एक... घे गं सोन्या... दोन... सोड हळूहळू... तीन..." दुसरा फवारा. तिसरा. चौथा. मग चार मिनिटं थांबा, असं लिहिलं होतं. ती चार मिनिटं मावशीला महिन्यासारखी वाटली. फरक कमी होता, म्हणून पुन्हा चार फवारे. सातव्याला बारकीचे खांदे जरासे खाली आले. आठव्यानंतर ती म्हणाली, "पाणी." एक अख्खा शब्द. मावशीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. हॉस्पिटलात मास्क लावून औषध दिलं, दोन-तीन तास बसवून ठेवलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बघायला आल्या. बारकी गाढ झोपली होती, छाती शांत वर-खाली होत होती. मावशी बाहेरच्या बाकावर बसली होती, तोच एप्रन घालून.

"तिनं मला ढकललं हो," मावशी म्हणाली. "मी जवळ घ्यायला गेले तर ढकललं."

डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या. त्यांनी नाक जरासं चोळलं. "मावशी, हा वास कसला येतोय?"

"माझ्या लाँड्रीचा," मावशी सवयीनं, अभिमानानं म्हणाली. "सगळ्या गल्लीला ओळखू येतो."

आणि मग आपलं बोलणं तिचं तिलाच ऐकू आलं.

तिनं पिशवीतून वही काढली. रविवारी काटा घसरलेला, रविवारी पडदे धुतलेले. नव्या उशा आल्या त्या रात्री खोकला. एक अटॅक चष्म्याच्या दुकानातही आला होता, सोमवारी, त्याचं कोडं कुणालाच सुटलं नव्हतं. सोमवारी बारकी मावशीनं धुतलेला कामावरचा पांढरा कोट घालून गेली होती. साऱ्या गावाचे डाग हुंगून काढणारी बाई, आणि काखेत कळसा. मावशी तिथेच बाकावर रडायला लागली. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

"म्हणजे मी स्वच्छतेनं मारत होते पोरीला?"

"स्वच्छतेनं नाही. ब्लीचच्या वाफेनं आणि त्या फुलांच्या पाण्यानं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच त्यानं त्रास होतो असं नाही. कुणाला धुळीनं होतो, कुणाला थंड हवेनं, कुणाला मांजरीनं. हिला यानं होतो. स्वच्छ कपड्याला खरं तर काहीच वास नसतो."

"मग धुतलाय हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?" मावशी रडता रडता म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

बारकी जागी झाल्यावर मावशी तिच्यापासून चार हात लांब उभी राहिली. "मीच गं. मीच होते."

"तू मुद्दाम केलंस का?"

"मुद्दाम केलं असतं तर बंद तरी करता आलं असतं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून घरातलं ब्लीच गेलं. पडदे, चादरी, सगळं बिनवासाच्या साबणानं, कढत पाण्यानं तीन-तीनदा धुतलं आणि उन्हात वाळवलं. रोजचा पंप बारकी एकदाही चुकवेना. काटा चढायला लागला. तीनशे चाळीस, तीनशे सत्तर, तीनशे नव्वद. मावशी शेजारणीकडे जाऊन मांजरीचीसुद्धा माफी मागून आली.

पण वही खोटं बोलत नाही. सकाळी तीनशे नव्वद असलेला काटा संध्याकाळी मावशी दुकानातून आली, बारकीजवळ बसून चहा प्याली, की तीनशे चाळीसवर यायचा. बारकीनं हे तोंडातून काढलं नाही. ती नुसतं लिहीत गेली आणि मावशी नुसतं वाचत गेली. तीस वर्षं ब्लीचच्या टबात बुडालेले हात, दुकानातले कपडे, केसांतला वास. घरातलं सगळं धुतलं, आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती म्हणजे ती स्वतः. मग मावशी खिडकीत बसून चहा प्यायला लागली. बारकी काही बोलली की तिथूनच उत्तर द्यायची. आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखं बसतोय, याचं तिला फार वाईट वाटायचं.

"तू मैत्रिणीकडे राहायला जा," एका संध्याकाळी ती खिडकीतून म्हणाली. "मी रविवारी येईन भेटायला. लांबून."

"अजून दहा दिवस आहेत," बारकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाफ्या कॉलर दाबता दाबता म्हणाला, "दुनियेच्या अंगाचा वास काढता. स्वतःचा निघत नाही होय?"

मावशीनं त्याच्याकडे रागानं बघितलं. मग आत गेली, फुलांच्या पाण्याचं पिंप कलतं केलं आणि सगळं गटारात ओतून दिलं. ब्लीचचं काम पलीकडच्या लाँड्रीवाल्याला दिलं. उरलेल्या टबांत साधं पाणी आणि बिनवासाचा साबण. गिऱ्हाइकं कुरकुरली. "मावशी, धुतलाय ना नक्की?"

"हुंगू नका," मावशी म्हणायची. "उजेडात धरा आणि बघा." काही गिऱ्हाइकं पलीकडे गेली. बरीच राहिली. सिगारेटवाले गृहस्थ मात्र कपाळाला हात लावून बसले.

तेल गेलं, पावडर गेली, अत्तराची बाटली वाफ्याच्या बायकोला गेली. मावशी रोज साध्या साबणानं दोनदा अंघोळ करायची आणि तरी खिडकीतच बसायची. पुन्हा जवळ जाऊन पोरीचा श्वास अडकला तर, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती. वहीत संध्याकाळचा काटा तीनशे साठ झाला होता, मग तीनशे ऐंशी.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी नेमकी एका हॉटेलची दोनशे चादरींची ऑर्डर आली. मावशी आणि वाफ्या दिवसभर उभे. उकाडा मरणाचा. संध्याकाळी मावशी तीन मजले चढून वर आली तेव्हा घामानं निथळत होती. अंघोळ नाही, काही नाही. ती तशीच न्हाणीघराकडे निघाली.

बारकी मध्ये उभी राहिली. "आधी बस इथं. माझ्याजवळ."

"वेडी आहेस का? अंगाला वास मारतोय माझ्या."

"बस म्हणते ना."

मावशी पलंगाच्या कडेला बसली, अंग चोरून, निघता येईल अशी. निळा पंप टेबलावर आहे ना, हे तिनं आधी बघून घेतलं. बारकी तिला खेटून बसली. मग तिनं डोकं मावशीच्या खांद्यावर टेकलं, नाक तिच्या मानेजवळ नेलं आणि श्वास घेतला. मावशी शिट्टीची वाट बघत होती. शिट्टी आली नाही. श्वास सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला. बारकीनं पुन्हा एक घेतला, आणखी लांब.

"मी मैत्रिणीला दुपारीच नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली. तिनं आणखी एक श्वास घेतला. मग हळूच म्हणाली, "मावशी, आईला असाच वास यायचा."

मावशीला आठवलं, बहिणीला घाम फार यायचा, लहानपणापासूनच, त्यांची आई तिला सारखी रागवायची. अठरा वर्षं आपण रोज काय धुऊन टाकत होतो, ते तिला आत्ता कळत होतं. तिनं बारकीचं डोकं खांद्याशी धरून ठेवलं आणि अंघोळीला उठली नाही.